वादीही मी, प्रतिवादीही मीच

आमच्या वकीलसाहेबांच्या कपाटातल्या सगळ्या फायली पक्षकारांच्या आहेत, एक सोडून. त्या फाइलवर वादीच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव आहे आणि प्रतिवादीच्या जागीही त्यांचंच. दाव्याचा विषय, ‘मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जावे किंवा कसे.’ फाइल अगदी रीतसर आहे. कागदांना निशाणी क्रमांक घातलेले आहेत. निशाणी १ म्हणजे एका वर्गमित्राच्या नेमणूकपत्राची झेरॉक्स, त्यात पगाराच्या आकड्याखाली तांबडी रेघ. निशाणी २, कल्याण ते करी रोड पासाचे दर. निशाणी ५ ची जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. दिवाणी कोर्टात निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. तो त्यांच्या आईने तोंडी केलेला आहे आणि त्यावर हुकूमही तिनेच दिलेला आहे. शेवटी रोजनामा. ‘वादी हजर. प्रतिवादी हजर. उभयतांची मुदतीची विनंती. मंजूर. पुढील तारीख दिवाळीनंतर.’ कुठली दिवाळी ते लिहिलेलं नाही.

जावं की न जावं यातच अडकलेल्या वकिलांची ही जमात फक्त आमच्या भिवंडीतच आहे असं नाही. कल्याण, उल्हासनगर, पनवेल, वसई, जिथून मुंबईला लोकलने जाता येतं आणि जाववत नाही, अशा प्रत्येक कोर्टात एकदोन सापडतात. सोलापूर-नांदेडच्या वकिलाला हा आजार होत नाही. त्याला मुंबई लांब आहे, तो जातो तरी किंवा राहतो तरी. लोअर परळच्या काचेच्या इमारती मोबाइलवर रोज दिसाव्यात आणि तिथे पोचायला रिक्षा, लोकल आणि पायपीट मिळून दोन तास लागावेत, एवढ्याच अंतरावर हे पीक येतं.

माझी त्यांची ओळख एका परत आलेल्या चेकमुळे झाली. माझा यंत्रमागांचा कारखाना होता. भिवंडीत ग्रे कापडाचा धंदा उधारीवर चालतो आणि उधारी पुढच्या तारखेच्या चेकवर. एका व्यापाऱ्याचा चेक बँकेने परत पाठवला, तो खिशात घालून मी कोर्टाच्या दारात उभा राहिलो, तर हे समोर आले. एकतीस-बत्तिशीचा पोरगा, साहेब म्हणावं असं पोट अजून सुटलेलं नव्हतं. पण अंगात काळा कोट होता, आणि भिवंडीत कोटाला अहोजाहोच करतात. ते मला काका म्हणतात, मी त्यांना वकीलसाहेब. कलम १३८ त्यांनी मला बोटांवर शिकवलं. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर समोरच्याला पैसे भरायला पंधरा दिवस, ते टळले की महिन्याभरात फिर्याद.

“आणि निकाल?”

“कायदा म्हणतो, सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा.”

त्यातल्या ‘प्रयत्न’वर त्यांनी असा काही श्वास सोडला की मी पुढे विचारलंच नाही. त्यानंतर मंदी आली, माझे माग भंगाराच्या भावाने गेले, शेडमध्ये आता कुणीतरी मोबाइलची कव्हरं साठवतो. केस चालू आहे. पुकाऱ्याची वाट बघत कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बसून मला त्यांची ती दुसरी केस तोंडपाठ झाली.

त्यांचं ऑफिस एका झेरॉक्सवाल्याच्या वर, लोखंडी जिन्याने जायचं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाने जाहिरात करायची नसते, आणि पाटीसुद्धा वाजवी आकाराचीच लावायची असते. वकीलसाहेबांची पाटी वाजवीच आहे. ऑफिस अवाजवी लहान असल्यामुळे ती मोठी दिसते, इतकंच. आत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि एक घड्याळ, ते मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं. का, तर फर्ममध्ये गेलं की वेळेचं भान लागतं, त्याची आतापासून सवय.

तर त्या दाव्याचे युक्तिवाद. एकाच व्हरांड्यात, एकाच चहात वकीलसाहेब दोन्ही बाजू लढवतात, आणि मला सांगायला हवं की दोन्ही बाजूंनी ते उत्तम लढतात.

वादीतर्फे पहिला मुद्दा पैशाचा. मोठ्या फर्ममध्ये नव्याकोऱ्या पोराला सुरुवातीलाच महिना लाखाच्या वर मिळतात, हे निशाणी १ ने शाबीत आहे. इथे नवीन वकिलाला सिनियर काय देतो? आशीर्वाद, आणि मुलुंडपर्यंत गाडी जात असेल तर लिफ्ट. याला प्रतिवादीचं उत्तर असं की फर्मचा पगार हा पगार नव्हेच, ते भाडं आहे. माणूस महिनाभर भाड्याने घेतात आणि चोवीस तास वापरतात. तिथे वेळ सहा-सहा मिनिटांत मोजतात. तासाचे दहा तुकडे, त्याला युनिट म्हणायचं. प्रत्येक युनिटात कुणाचं काय काम केलं ते टाइमशीटमध्ये लिहायचं, आणि ते गिऱ्हाइकाच्या बिलात जायचं. “काका, आपल्या कोर्टात सहा मिनिटांत काय होतं?” मी म्हटलं, “पट्टेवाला खुर्ची पुसतो.” “बघा!” ते म्हणाले. हा मुद्दा कुणाच्या बाजूने गेला ते आजवर ठरलेलं नाही.

दुसरा मुद्दा इतिहासाचा, आणि हा ऐकायला मी तारीख नसली तरी जातो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी. कापडाचं काम गिरण्यांतून यंत्रमागांवर सरकायला त्याआधीच सुरुवात झाली होती, संपाने त्याला धक्का दिला, आणि भिवंडीत गल्लोगल्ली माग खडखडायला लागले. माझ्या वडिलांनी पहिले माग घेतले ते त्याच सुमाराला. इकडे लोअर परळच्या गिरण्या निजल्या त्या उठल्याच नाहीत. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आली, आणि त्याच गिरणगावात आता मोठमोठ्या लॉ फर्म बसतात. वकीलसाहेब इथवर येतात, चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, “लोअर परळचं काम भिवंडीला आलं म्हणून तुमचं घर उभं राहिलं. आणि मी उलटा भिवंडीहून लोअर परळला जाऊ? हा तर वाडवडिलांचा अपमान आहे!” मला पटतं. पुढच्या तारखेला तोच संप, तेच सामंत, तीच फिनिक्स मिल, आणि शेवट असा, “त्यांनी आपल्याला कापड दिलं, आपण त्यांना वकील द्यायला नको? हिशोब पुरा व्हायला हवा की नाही?” मला तेही पटतं. एकाच पुराव्यावर दोन निकाल मागणारा वकील मी दुसरा पाहिलेला नाही.

भाऊबंदकीचा मुद्दा मात्र त्यांच्या खास आवडीचा. देशातल्या अगदी मोठ्या लॉ फर्मपैकी एक, अमरचंद मंगलदास, १९१७ सालची. २०१५ मध्ये ती दोन भावांत विभागली गेली आणि सिरिल अमरचंद मंगलदास व शार्दूल अमरचंद मंगलदास अशा दोन फर्म झाल्या. ही बातमी जुनी, पण वकीलसाहेबांना ती दरवेळी ताजी वाटते. “एवढी शंभर वर्षांची पेढी, जगातले करार लिहिणारी. आणि शेवटी काय? वाटप! आपल्या कोर्टात बुधवारी पाच असतात.” त्यांच्या आवाजात तेव्हा खेदाचा लवलेशही नसतो.

आपलं कोर्ट लहान म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी एक वेगळा पुरावा राखून ठेवलाय. २०१४ मधल्या सोनाळ्याच्या सभेतल्या भाषणावरून राहुल गांधींवर अब्रुनुकसानीचा जो खटला झाला, तो भिवंडीच्याच कोर्टात. जून २०१८ मध्ये ते स्वतः येऊन गुन्हा कबूल नसल्याचं सांगून गेले. त्या दिवशी रस्त्यावर टीव्हीच्या इतक्या गाड्या लागल्या की सुताचे टेम्पो अडले. खटल्याचं खरंखोटं कोर्ट बघेल. वकीलसाहेबांना त्यातून एवढंच घ्यायचं असतं की दिल्लीची माणसं इथे येतात, तर आपण निम्म्या वाटेत लोअर परळला का उतरावं? शिवाय भूषण गवई. नागपूर खंडपीठात वकिली केलेला अमरावतीचा माणूस मे २०२५ मध्ये देशाचा सरन्यायाधीश झाला. “कुठल्या टाइमशीटवर झाले ते?” असं विचारून ते व्हरांडाभर बघतात. मधल्या हायकोर्टाच्या न्यायाधीशपदाच्या वर्षांचा उल्लेख ते सोयीने गाळतात, आणि मीही काढत नाही.

या दाव्यात एकच खरा साक्षीदार आहे. त्यांची मावसबहीण. ती राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकली, कर्ज काढून. शिकत असतानाच लोअर परळच्या एका फर्ममध्ये इंटर्नशिप केली आणि शेवटच्या वर्षाला बसायच्या आत हातात नोकरीचं पत्र आलं. गौरी-गणपतीला ती मावशीकडे येते, म्हणजे वकीलसाहेबांच्या गावी, शहराबाहेर गोदामांच्या रांगेमागे उरलेल्या गावठाणात. मागच्या गणपतीत मलाही आरतीला बोलावणं होतं. मखराशेजारी तांदळाच्या गोणीवर लॅपटॉप उघडून ती बसली होती, कानात ते पांढरं बोंडूक. सौदा त्या रात्री पुरा व्हायचा होता. कुणीतरी कुणाचा तरी कारखाना विकत घेत होतं, आणि विकणारा व घेणारा दोघेही झोपून गेल्यावर त्यांचे वकील भांडत होते. आरती सुरू झाली. तिने आवाज बंद ठेवला होता, पण नेमकं तिलाच काही विचारलं गेलं आणि तिने बटण दाबलं, तेव्हा मावशीच्या हातातली झांज टिपेला होती. पलीकडून लंडनच्या वकिलाने काळजीने विचारलं म्हणे, तुमच्या इमारतीत आगीची घंटा वाजते आहे का?

प्रसाद वाटून झाल्यावर वकीलसाहेबांनी तिची उलटतपासणी घेतली. मी हजर होतो.

“रात्री घरी किती वाजता जातेस?”

“ज्या दिवशी जाते त्या दिवशी?”

“हो किंवा नाही यात उत्तर दे.”

“दादा, किती वाजता या प्रश्नाला हो किंवा नाही कसं सांगू?”

“बरं. इतक्या वर्षांत कोर्टात किती वेळा उभी राहिलीस?”

“हायकोर्टाची इमारत पाहिलीय. टॅक्सीतून. छान आहे.”

इथे वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी न्यायासनावर आहे आणि ही कबुली टिपून घ्यायला हवी. मग तिने पापड मोडत शांतपणे विचारलं, “दादा, पगाराची स्लिप कशी असते माहीत आहे तुला?” इकडे खटला बरोबरीत आला. तिने न्यायाधीश पाहिला नव्हता, यांनी स्लिप.

नंतर निघताना ती मला अंगणात म्हणाली, “काका, त्याला सांगा, ये तरी नाहीतर येऊ नको तरी. काम काही वाईट नाही. शिकायला मिळतं, माझं कर्ज फिटलं, आईचा गुडघा बदलून झाला. आणखी दोन वर्षं करीन, मग बघीन. पण हा दर गणपतीला तेच प्रश्न विचारतो आणि माझी उत्तरं वहीत लिहून घेतो.” खरं म्हणजे त्या दाव्यावरचा मला पटलेला एकमेव निकाल हाच, आणि तो अंगणात, चपला शोधता शोधता लागला. तिला निर्णय घ्यायला फार वेळ लागलाच नव्हता. बँकेचा हप्ता कधी सुरू होणार याची तारीख तिला माहीत होती, आणि त्या तारखेला मुदतवाढ नव्हती.

वकीलसाहेबांचं तसं नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या फाइलमध्ये कुठल्याच निशाणीखाली नाही, म्हणून मीच सांगतो. त्यांच्या आजोबांच्या भातशेतीवर आज गोदाम उभं आहे. मुंबईत जकात होती तेव्हा माल मुलुंडच्या नाक्याच्या अलीकडे साठवला की सोयीचं पडायचं, म्हणून भिवंडीच्या आजूबाजूच्या गावांत गोदामं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, लोक म्हणाले आता गोदामं ओस पडणार. झालं उलटंच. ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना याहून मोठी गोदामं लागली. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या घरात भाडं येतं. विचार करणं हा महागडा छंद आहे, आणि आमच्या वकीलसाहेबांना तो परवडतो. आई म्हणते, “बाला, आपले गावान सगली तुला वकील बोलतान. तिथं तुला कोन वलखील?” यात भाड्याचा उल्लेख नसला तरी निशाणी ५ मागचं खरं बळ तेच.

पण भाडं वडिलांच्या नावावर येतं, त्यामुळे बाहेरच्या जगात वकीलसाहेब निव्वळ वकील. स्वतःचा फ्लॅट घ्यायला बँकेत गेले तर साहेबाने वकील म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. वकिलाला कर्ज द्यायला बँका का कचरतात याची लोक दोन कारणं सांगतात, उत्पन्न नक्की नसतं, आणि वसुलीला गेलं तर तो कायदा सांगतो. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या वडिलांनी विचारलं, महिन्याला किती? वकीलसाहेब म्हणाले, “प्रथमदर्शनी सांगता येणार नाही.” दुसऱ्या एका बैठकीत मध्यस्थाने परस्पर सांगून टाकलं की मुलगा मुंबईच्या फर्ममध्ये जाणार आहे. भिवंडीत फर्म म्हणजे कापडाची पेढी. मुलीच्या मामाने विचारलं, “कुठल्या मार्केटात? ग्रे की प्रोसेस?” तो खुलासा होईस्तोवर पोहे निवले.

मुदत मागायला कारणं लागतात, आणि देशात घडामोडींची वाण नाही. १८ डिसेंबर २०१८ ला कल्याणात पंतप्रधानांच्या हस्ते ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन झालं. साडेचोवीस किलोमीटरहून जास्त मार्ग. वकीलसाहेबांनी तेव्हा नुकतीच सनद घेतली होती. त्यांनी ठरवलं, मेट्रो झाली की जायचं, रोज तंगडतोड कोण करणार? मेट्रोचे खांब आमच्या रस्त्यात उभे राहिले, त्यांच्या बाजूने रिक्षा अधिकच हळू चालू लागल्या, आणि ही मुदत आपोआप मंजूर होत गेली. मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिलने परदेशी लॉ फर्मना भारतात मर्यादित काम करायला वाट करून देणारे नियम काढले. झालं, आता लंडनवाले येणार, मग आत्ताच देशी फर्ममध्ये कशाला अडकायचं, थोडं थांबू. मी एकदा धीर करून विचारलं, दिवाणी प्रक्रिया संहितेत सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तारखा देऊ नयेत असं आहे ना? (हे मला त्यांनीच शिकवलेलं.) ते म्हणाले, “ऑर्डर सतरा, रूल एक. बरोबर. पण काका, तीन एका पक्षकाराला. माझ्या केसमध्ये दोन्ही पक्षकार मीच आहे, तेव्हा किमान सहा.” सहा कधीच उलटून गेल्या आहेत.

त्यांच्याकडे आता एक ज्युनियरही आहे. ठाण्याहून रोज येणारी चुणचुणीत मुलगी. टायपिंग तीच करते, ऑनलाइन तारखाही तीच बघते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढलं की ज्युनियरांना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार निदान विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस. तिने ते छापून टेबलावर ठेवलं. वकीलसाहेबांनी दोनदा वाचलं. स्वतः ज्युनियर असताना ते सिनियरांच्या नावाने याच विषयावर जे बोलत ते मी ऐकलेलं होतं, म्हणून मीही कान टवकारले. “तत्त्व मान्य आहे,” ते म्हणाले. “पण भिवंडी शहर की ग्रामीण? ऑफिस महापालिकेच्या हद्दीत आहे, हे खरं. पण आपली निम्मी कामं ग्रामपंचायतींतली. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.” मुलगी म्हणाली, “सर, तोपर्यंत पंधरा द्या, शहर निघालं तर फरक द्या.” इतका सरळ अंतरिम आदेश त्या खोलीत पहिल्यांदाच निघाला असावा. त्यांनी तो पाळला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. मात्र स्वतःच्या दाव्यात असा अंतरिम आदेश का निघत नाही, हे त्यांना विचारायचं तिने टाळलं. ती हुशार आहे.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी मावसबहिणीनेच घोटाळा केला. न विचारता यांचा बायोडेटा आपल्या ओळखीच्या एका फर्मला पाठवून दिला. जमीन-मालमत्तेच्या विभागात जागा होती. मुलाखतीचं बोलावणं आलं, मंगळवारी अकरा वाजता, व्हिडिओवर. मंगळवारी अकराला माझ्याच चेकवाल्याची उलटतपासणी. वकीलसाहेबांनी ती सोडली नाही. फर्मलाच मुदतीचा अर्ज केला. इंग्रजीत, पण साचा तोच, ‘सबळ कारणास्तव पुढील तारीख मिळावी, न मिळाल्यास अर्जदाराचे भरून न येणारे नुकसान होईल.’ तिथल्या माणसांना असा अर्ज बहुधा नवा होता. त्यांनी घाबरून शुक्रवार दिला.

शुक्रवारी बाररूमच्या कोपऱ्यात, पंख्याखाली, कोट घालून आणि बँड लावून ते बसले. ज्युनियरने लॅपटॉप कायद्याच्या दोन जाड पुस्तकांवर उंच केला. मी दाराशी पहारा दिला, तरी एक पक्षकार नोटरीचा शिक्का विचारत आत गेलाच. तुम्हाला आमच्या फर्ममध्ये का यायचं आहे, असा पहिला प्रश्न आला. वकीलसाहेब म्हणाले, “बोलावणं तुमचं आहे, तेव्हा शाबीत करण्याचा भार तुमच्यावर.” तुमचे दोष सांगा, या प्रश्नावर त्यांनी म्हणणं राखून ठेवलं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? “बोर्डावर.” माझ्या मते तिथेच सगळं आटोपलं होतं. पण पडद्याच्या एका चौकटीत इतका वेळ गप्प बसलेला एक पार्टनर होता. तो म्हणाला, एक आडवा प्रश्न विचारतो, मुलाखतीतला नाही. परदेशी गुंतवणूकदारासाठी भिवंडीजवळची गोदामाची जमीन बघतोय. सातबाऱ्याच्या इतर हक्कात एक जुनं कुळाचं नाव अडकलंय, फेरफाराची साखळी मध्येच तुटते. तुमच्याकडे हे कसं सोडवतात?

वकीलसाहेब खुर्चीत सावरून बसले. कुळकायदा, बत्तीस-ग ची कार्यवाही झाली होती का, खरेदी प्रमाणपत्राची नोंद कुठल्या फेरफाराने घेतली असेल, दुय्यम निबंधकाकडे जुन्या सूचीच्या पुस्तकातली पानं कशी फाटलेली निघतात आणि मग शोध अहवालात काय लिहायचं, आणि त्या कुळाचा नातू आता कुठल्या टपरीवर सापडेल, इथपर्यंत ते बोलले. पुकारा झाला, तरी उठले नाहीत. मध्येच ज्युनियरला हाताने खूण केली, तिने जाऊन मुदत घेतली. इतक्या वर्षांत मी त्यांना एखाद्या प्रश्नाची एकच बाजू मांडताना प्रथमच ऐकत होतो.

सोमवारी उत्तर आलं. त्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं. पण जमिनीचा तीस वर्षांचा शोध आणि अहवाल त्यांनी करून द्यावा, दर ताशी ठरवू, टाइमशीट पाठवावी, अशी विनंती होती. वकीलसाहेबांनी पत्र फाइलला लावलं, निशाणी नंबर घातला, आणि दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागले. महिन्याभराने बिल गेलं. ज्युनियरने मला दाखवलं. सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडून सगळं चोख लिहिलेलं. ‘दुय्यम निबंधक कार्यालय, सर्व्हर बंद: एकतीस युनिट. सर्व्हर सुरू, वीज बंद: बारा युनिट. तलाठीभाऊ जेवायला गेले, प्रतीक्षा: चौदा युनिट. तलाठीभाऊ परत आले, चावी घरी राहिली: अकरा युनिट. सूचीच्या पुस्तकाचे वाचन: तीन युनिट. कुळाचा नातू सापडला: दोन युनिट. नातवाने आपली व्यथा सांगितली: एकोणीस युनिट.’

पार्टनरने पैसे बिनतक्रार पाठवले. फक्त सिंगापूरच्या गिऱ्हाइकाला चावीबाबत लेखी खुलासा हवा आहे, असं कळवलं. वकीलसाहेबांनी तो दोन परिच्छेदांत दिला. लिहायला चार युनिटं लागली. ती पुढच्या बिलात लावली आहेत.